प्लिनी द एल्डर : कडूपणा येतो कसा आणि जातो कसा

बाटली हातात आली की आधी तिच्यावरची तारीख वाचावी, ही सवय मला ‘प्लिनी द एल्डर’ या बिअरने लावली. हिरव्या लेबलवर मोठे लाल वर्तुळ, त्यात नाव, आणि कडेकडेने बारीक अक्षरांत सूचनांची रांग : थंड ठेवा, ताजी असतानाच प्या, साठवून ठेवू नका, मुरवायचेच असेल तर चीज मुरवा, प्लिनी हा इतिहासातला माणूस असला तरी आतल्या बिअरला इतिहासजमा करू नका. करंज्यांचा डबा हाती देताना आजी जशी ‘ओल्या नारळाच्या आहेत, आजच संपवा’ असे चारचारदा बजावते, तसा हा आग्रह आहे. पहिल्यांदा वाचताना ती विक्रीची हुशारी वाटते. या उन्हाळ्यात तीन वेगवेगळ्या वयांची ही बिअर ठरवून चाखल्यावर माझे मत बदलले. हे परीक्षण त्या तीन चाखण्यांवर आधारलेले आहे.

चाखण्याचे निमित्त झाले ते माझ्या मामांचे. नाशिकहून तीन महिन्यांसाठी ते आमच्याकडे कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला राहायला आले होते. मामा म्हणजे क्रिकेटच्या मोठ्या सामन्याच्या दिवशी एक ‘स्ट्राँग’ घेणारे आणि एरवी ताकावर समाधानी असणारे गृहस्थ. नाशिकमध्ये जन्म काढूनही वाइनला त्यांनी कधी जवळ केले नाही. इथली सर्वांत स्ट्राँग बिअर कोणती ती एकदा दाखव, अशी त्यांची फर्माईश होती, आणि ‘स्ट्राँग’ या एका शब्दाचे आम्हा दोघांच्या मनातले अर्थ किती वेगळे आहेत ते त्याच वेळी माझ्या लक्षात आले.

आपल्याकडे पाच टक्क्यांच्या वर आणि आठ टक्क्यांपर्यंत मद्यार्क असलेल्या बिअरला स्ट्राँग म्हणतात. प्लिनीत मद्यार्क आठ टक्के आहे, म्हणजे आकडाच पाहायचा तर ती आपल्या स्ट्राँगच्या वरच्या टोकाला बसते आणि त्यात नवल करण्यासारखे काही उरत नाही. फरक आहे तो त्या आठ टक्क्यांकडून घेतलेल्या कामाचा. आपल्या दुकानांतल्या बहुतेक स्ट्राँग बिअर गोडसर असतात, हॉप्सची, म्हणजे बिअरला कडूपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांची, चव त्यांत जेमतेम लागते, आणि त्या बर्फासारख्या थंड करून प्यायचा रिवाज पडला आहे तो बहुधा चव फारशी जाणवू नये म्हणूनच. तिथे मद्यार्क हेच उद्दिष्ट असते. इथे तो हॉप्सचा कडूपणा आणि सुगंध पेलण्यासाठी घातलेला आहे, जसा जड मूर्तीसाठी भक्कम पाट लागतो. या प्रकाराला डबल आयपीए म्हणतात (आयपीए म्हणजे ‘इंडिया पेल एल’), आणि ‘डबल’ हा शब्द मुख्यतः हॉप्सना उद्देशून आहे.

या प्रकाराचा उगम मोठा गमतीशीर आहे. विनी सिलुर्झो हे ब्रुअर १९९४ साली दक्षिण कॅलिफोर्नियातल्या टेमेक्युला गावी ब्लाइंड पिग नावाची छोटी ब्रुअरी चालवत होते. तिथली सामग्री जुनीपानी, आणि पहिल्याच घाण्यात काही खोट राहिली तर ती झाकली जावी म्हणून त्यांनी हॉप्सचे प्रमाण सरळ दुप्पट केले. कच्च्या हाताने केलेल्या भाजीत मसाला जास्त पडावा, तसाच हा प्रकार. पुढे कॉर्बेल या फसफसत्या वाइनच्या जुन्या घराण्याने सोनोमा परगण्यात १९९७ साली रशियन रिव्हर ब्रुइंग कंपनी काढली आणि सिलुर्झोंना तिथे नेमले. कॉर्बेलने बिअरमधून अंग काढून घेतल्यावर त्यांनी आणि त्यांच्या पत्नी नॅटली यांनी ती कंपनी स्वतःकडे घेतली आणि २००४ साली सँटा रोझा शहराच्या मध्यवस्तीत आपले पब उघडले. प्लिनी द एल्डर मुळात २००० सालच्या सुमारास हेवर्ड येथील एका पबच्या डबल आयपीए महोत्सवासाठी केली गेली होती. दोष झाकण्यासाठी सुरू झालेला प्रकार इतक्या नितळ बिअरपर्यंत येऊन पोचावा, याचे मला प्रत्येक वेळी कौतुक वाटते. कारण या बिअरमध्ये दोष लपायला जागाच ठेवलेली नाही.

पहिली चाखणी सँटा रोझाच्या पबमध्येच झाली. सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तरेला साधारण नव्वद किलोमीटर, आणि फ्रीमाँटहून त्याहून बरेच अधिक. माझा नवरा मद्य घेत नाही, त्यामुळे गाडी कोण चालवणार हा प्रश्न आमच्या घरी कधी उद्भवत नाही, आणि अशा सहलींचे श्रेय निम्मे त्याचेच आहे. जागा म्हणाल तर अगदी साधी : लाकडी बाकडी, पिझ्झाचा वास, फळ्यावर लिहिलेली बिअरची यादी. वीकेंडला गर्दी असते, बोलताना आवाज चढवावा लागतो. विंडसर गावी २०१८ साली उघडलेली त्यांची मोठी ब्रुअरी अधिक प्रशस्त आहे आणि तिथे काचेपलीकडची टाकी पाहत फिरता येते. लहान मुले बरोबर असतील तर तिथे जावे. चवीच्या दृष्टीने मला दोन्हीकडे फरक जाणवला नाही, म्हणून जागेविषयी इतकेच.

आता मूळ विषय. नळाची प्लिनी समोर येते तेव्हा तिचा रंग पातळ मधासारखा, किंचित तांबूस झाक असलेला असतो. ती जवळजवळ आरपार दिसते. अगदी कडक उजेडात धरली तर धुक्याचा पुसट पदर जाणवतो. फेस पांढरा, बारीक बुडबुड्यांचा आणि टिकाऊ. प्रत्येक घोटानंतर ग्लासच्या आतल्या भिंतीवर फेसाची जाळी राहते, आणि ग्लास रिकामा झाला की घोट मोजता येतात. मी मोजले, अकरा भरले.

वास हा या बिअरचा निम्मा ऐवज आहे, आणि तो शब्दांत पकडताना इंग्रजी परीक्षणे सरसकट ‘पाइन’ आणि ‘ग्रेपफ्रूट’ म्हणून मोकळी होतात. चिडाच्या जंगलात वाढलेल्या माणसाला ते पुरते. मला पुरले नाही. ग्लास नाकाशी धरल्यावर पहिल्यांदा जे आले ते पपनस सोलताना बोटांवर उडणाऱ्या तेलाच्या तुषारांसारखे होते : फळाच्या गराचा गोडवा त्यात नव्हता, सालीचा झणका होता. त्यामागून राळ. देवघरात धूप पेटवण्याआधी त्याचा खडा हातात घेऊन हुंगावा, तसा न जळलेल्या राळेचा थंड, चिकट वास. आणि ग्लास थोडा ऊबदार झाल्यावर तिसरी एक गोष्ट वर आली, जी मला कितीतरी वेळ ओळखता येईना. माझ्या तोंडात नाव होते, जिभेवर येत नव्हते. ते मामांनी सांगितले. ग्लास नाकाशी नेऊन ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “अगं, ही आंबेहळद आहे. लोणच्यासाठी तुझी मामी किसते तेव्हा सगळ्या घरभर असाच वास सुटतो.” घरी आल्यावर मी शोधले. आंबेहळदीच्या तेलातला मुख्य सुगंधी घटक मायर्सीन आहे, आणि हॉप्सच्या तेलातलाही तोच. नाशिकच्या स्वयंपाकघरातले नाक वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यातल्या फुलापर्यंत बिनचूक पोचले होते.

हॉप्स म्हणजे एका वेलीची मादी फुले, पोपटी रंगाची, कागदी पाकळ्यांच्या लहान शंकूसारखी. पाकळ्यांच्या मुळाशी पिवळी चिकट भुकटी असते आणि सगळा कडूपणा व सुगंध तिच्यातच साठलेला असतो. ब्रुअरीच्या माहितीनुसार प्लिनीत अमारिलो, सेंटेनियल, सीटीझेड आणि सिमको या जाती वापरतात. त्यांतली सिमको २००० साली बाजारात आली, म्हणजे ही बिअर आणि ही जात जवळपास एका वयाच्या, आणि राळेचा तो थंड वास प्रामुख्याने तिचाच असावा असा माझा कयास आहे. मात्र कोणते हॉप्स घातले यापेक्षा ते केव्हा घातले याला इथे अधिक महत्त्व आहे. मेथीदाणा फोडणीत टाकला तर भाजीला कडवट धार येते; तीच मेथी कसुरी म्हणून शेवटी हातावर चुरडून घातली तर कडूपणा नाममात्र आणि सुगंध भरपूर. हॉप्सचेही तसेच आहे. उकळीच्या सुरुवातीला पडलेले हॉप्स तास-दीड तासात आपली आम्ले पाण्यात उतरवून कडूपणा देतात आणि त्यांचा सुगंध वाफेबरोबर निघून जातो. उकळी थांबवताना पडलेले हॉप्स चव देतात. आणि बिअर आंबून तयार झाल्यावर थंड टाकीत जे हॉप्स नुसते भिजत ठेवतात, ज्याला ड्राय हॉपिंग म्हणतात, ते केवळ वासासाठी असतात. प्लिनीत हे तिन्ही टप्पे हात आखडता न घेता केलेले आहेत.

चव घेताना पहिला घोट लहान घ्यावा. सुरुवातीला बिस्किटासारखा, भाजलेल्या जवाचा अगदी हलका गोडवा जिभेच्या टोकाला लागतो आणि तो लागतो न लागतो तोच कडूपणा येतो. येतो म्हणजे चढत नाही. एकदम सगळीकडे असतो. पण घोट गिळल्यावर पुढे जे होते ते या बिअरचे खरे कसब आहे, आणि तिच्याविषयी मला एकच गोष्ट सांगायची झाली तर मी हीच सांगेन : हा कडूपणा जातो. कारल्याचा कडूपणा जिभेच्या मागच्या बाजूला ठाण मांडून बसतो, गुढीपाडव्याच्या कडुनिंबावर गूळ खाल्ला तरी घशात त्याची आठवण राहते. इथे घोट संपल्यानंतर आठ-दहा सेकंदांत जीभ कोरडी, स्वच्छ आणि पुढच्या घोटाला तयार होते. मागे राहते ती राळेची हलकी चव आणि लिंबाच्या सालीचा पुसट तुरटपणा. कडूपणा जास्त घालणे कोणालाही जमते. तो वेळेवर उठून गेला पाहिजे, हे फार थोड्यांना जमलेले मी पाहिले आहे.

यामागे एक साधी युक्ती आहे. आठ टक्के मद्यार्क मिळवायचा तर माल्ट, म्हणजे मोड आणून भाजलेले जव, भरपूर घालावे लागते, आणि माल्टमधली सगळी साखर यीस्टला पचत नाही. उरलेली बिअरला जड आणि गोड करते. गोडावर कडू बसले की ते चिकटते, औषधाच्या पाकासारखे. प्लिनीत माल्टच्या जोडीला थोडी साधी साखर, म्हणजे डेक्स्ट्रोज, घालतात. यीस्ट ती पूर्णपणे खाऊन टाकते, त्यामुळे मद्यार्क वाढतो पण बिअरचे अंग हलकेच राहते. साखर घालून गोडी कमी करण्याचा हा प्रकार ऐकायला उफराटा वाटतो, पण जिभेला तो ताबडतोब पटतो. याच हलकेपणामुळे आठ टक्के मद्यार्क तोंडात कुठेच टोचत नाही. घशाखाली किंचित ऊब जाणवते, तीही दुसऱ्या ग्लासाच्या सुमाराला. हा गुण आहे आणि धोकाही आहे, त्याविषयी पुढे.

मामांचा अभिप्राय मात्र त्या दिवशी वेगळा होता. पहिला घोट घेऊन त्यांनी ग्लास खाली ठेवला, चष्मा सारखा केला आणि मला विचारले, “अगं, ही बिअर आहे की किराईताचा काढा?”

“मामा, गिळल्यावर थोडं थांबा. लगेच पाणी पिऊ नका.”

ते थांबले. मग म्हणाले, “हं. गेला खरा.” आणि थोड्या वेळाने, “पण आला कशाला होता?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्यांना कॉफी बिनसाखरेची आवडत नाही, ज्यांच्या घरी कारल्याच्या भाजीत गुळाचा खडा मोठा पडतो, त्यांनी ही बिअर केवळ नाव ऐकून मागवू नये. ‘कारले तुपात तळले, साखरेत घोळले तरी कडू ते कडूच’ ही म्हण आपण नावे ठेवण्यासाठी वापरतो. इथे तो कडूपणा लपवायचा नाही, त्यासाठीच पैसे मोजायचे आहेत. त्यासाठी जिभेला थोडा सराव लागतो. याच ब्रुअरीची ब्लाइंड पिग नावाची साधी आयपीए सव्वासहा टक्क्यांची आहे. त्याच घराण्यातली, पण आवाज खालच्या पट्टीतला. सुरुवात तिच्यापासून केलेली बरी.

गंमत अशी की मामांचा हाच प्रश्न ज्याच्या नावाची ही बिअर आहे त्यालाही पडला होता. थोरला प्लिनी हा पहिल्या शतकातला रोमन विद्वान आणि आरमाराचा अधिकारी. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला तेव्हा त्या परिसरातच त्याचा मृत्यू झाला. त्याने एका वेलीचा ‘लुपस सॅलिक्टेरियस’ असा उल्लेख केला आहे, ती वेल हॉप्सचीच असे मानून ब्रुअरीने त्याचे नाव घेतले. ती वेल नक्की कोणती यावर अभ्यासकांचे एकमत नाही, पण ते असो. मला भावते ती त्याची मिऱ्यांवरची तक्रार. मिरीत गोडी नाही, रूप नाही, नुसत्या कडवटपणावर ती लोकांना आवडते आणि तेवढ्यासाठी माणसे थेट भारतापर्यंत जातात, याचे त्याला आश्चर्य वाटत होते. काळ्या मिरीचा भाव शेरामागे म्हणजे त्यांच्या रोमन पौंडामागे चार दिनार होता हेही त्याने नोंदवून ठेवले आहे. नुसत्या कडवटपणावर आवडणाऱ्या आणि नावात ‘इंडिया’ मिरवणाऱ्या पेयाला त्याचेच नाव मिळावे, हा योग ब्रुअरीने ठरवून साधला असेल असे वाटत नाही. म्हणूनच तो अधिक गोड आहे.

त्या ‘इंडिया’चाही थोडा हिशेब करायला हवा, कारण त्याचा चवीशी संबंध आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून लंडनच्या बो भागातली हॉजसनची ब्रुअरी आणि पुढे बर्टन गावच्या ब्रुअऱ्या ईस्ट इंडिया कंपनीच्या गलबतांवरून मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याला पेल एल पाठवत असत. केप ऑफ गुड होपला वळसा घालून होणारा तो प्रवास चार ते सहा महिन्यांचा, आणि हॉप्समध्ये बिअर टिकवण्याचा गुण असल्याने ते सढळ हाताने घातलेले. लाकडी पिंपांत हेलकावे खात ती बिअर वाटेतच मुरायची आणि मुंबईतल्या गोऱ्या साहेबांना ती तशीच आवडायची. म्हणजे मूळ आयपीए सहा महिन्यांनी सुधारत होती. तिची ही कॅलिफोर्नियाची पणती सहा महिन्यांत संपते. नाव तेच राहिले, स्वभाव नेमका उलटा झाला.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या गॅरेजमध्ये, जुन्या सुटकेसच्या मागे, आदल्या हिवाळ्यात आणलेली प्लिनीची एक बाटली सापडली. सात महिन्यांची. चूक सर्वस्वी माझी. लेबलवर बारा वेळा लिहिलेले असताना मी ती विसरले होते. तेव्हा मी दुसरी चाखणी आणि तिसरी चाखणी एकाच संध्याकाळी केली. एका बाजूला नऊ दिवसांपूर्वी भरलेली, थेट ब्रुअरीतून शीतपेटीत घालून आणलेली बाटली आणि दुसऱ्या बाजूला गॅरेजची. दोन्ही फ्रिजमधून काढून पंधरा मिनिटे बाहेर ठेवल्या, कारण फार थंड असताना वास बंद राहतो. आठ-दहा अंश तापमान मला सर्वांत योग्य वाटले. ग्लास सारखे घेतले, आणि कोणत्यात काय आहे ते नवऱ्याने ठरवले, आम्हाला सांगितले नाही.

ते सांगण्याची गरजच पडली नाही. नऊ दिवसांची बाटली नळाच्या बिअरच्या इतकी जवळ होती की वासात मला तसूभरच फरक वाटला : पपनसाची साल थोडी मागे, राळ थोडी पुढे. सात महिन्यांच्या बिअरचा रंग डोळ्यांनाच गडद दिसत होता, चहा थोडा जास्त उकळावा तसा. वासात पपनस नव्हते, आंबेहळद नव्हती; होता तो ओल्या पुठ्ठ्याचा आणि जुन्या मधाचा वास. चवीला सुरुवातीचा माल्टचा गोडवा आता जागा अडवून बसला होता, करपट साखरेकडे झुकलेला. आणि कडूपणा? तो होता, पण सुगंधाची साथ सुटल्याने एकटा पडलेला, बोथट झालेला, आणि मुख्य म्हणजे तो जात नव्हता. घोट गिळून मिनिट झाले तरी जिभेच्या मुळाशी रेंगाळत होता. सुगंधी तेले प्राणवायूने आधी मरतात आणि कडूपणा मागे राहतो, हे मला पुस्तकी ज्ञान म्हणून ठाऊक होते. एकाच मेजावर दोन्ही ग्लास असताना ते कळणे निराळे. मामांनी जुन्या बिअरचा घोट घेऊन म्हटले, “ही आपल्याकडच्यासारखी लागते.” त्यांच्या दृष्टीने ती तारीफ होती.

म्हणून या बिअरच्या परीक्षणांत मला एक गोष्ट नेहमी खटकते. माणसे गुण देतात, पण बाटलीची तारीख सांगत नाहीत. अमेरिकन होमब्रुअर्स असोसिएशनच्या ‘झायमर्जी’ या नियतकालिकाच्या वाचकांनी २००९ ते २०१६ अशी सलग आठ वर्षे प्लिनीला देशातली सर्वोत्तम बिअर ठरवले होते, आणि त्या कीर्तीमुळे दूरदूरची माणसे ती मागवून, जपून, खास प्रसंगासाठी ठेवून पितात आणि ‘एवढे काय तिच्यात’ म्हणतात. त्यांनी प्यायलेली बिअर निराळीच असते. मी स्वतः आमच्या भागातल्या एका दुकानात ही बाटली काचेच्या दर्शनी कपाटात, दुपारच्या उन्हात मांडलेली पाहिली आहे. तपकिरी काच उजेड बराचसा अडवते, पण सगळा नाही. हॉप्समधली कडू आम्ले उजेडाने फुटली की बिअरला कुबट, जंगली जनावरासारखा वास येतो. उन्हातली बाटली फुकट मिळाली तरी घेऊ नये.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत चवीचा वारा दुसरीकडे वळला आहे हेही नमूद करायला हवे. व्हरमाँटच्या हेडी टॉपरसारख्या, आठच टक्क्यांच्या पण गढूळ, फळांच्या रसासारख्या मऊ आयपीए तरुण मंडळींना अधिक आवडतात, आणि त्यांच्या शेजारी प्लिनी जुन्या वळणाची वाटते. मला गढूळ आयपीएचा पहिला ग्लास आवडतो, दुसरा संपवायला जड जातो; आमरसाच्या दुसऱ्या वाटीसारखे होते. प्लिनीचे तसे होत नाही. तिच्या धाकट्या भावाचा, सव्वादहा टक्क्यांच्या ‘प्लिनी द यंगर’चा, मात्र मला फारसा मोह नाही. ती वर्षातून फक्त दोन आठवडे मिळते, तिच्यासाठी माणसे पहाटेपासून रांगा लावतात. मी एकदा प्यायले आहे. चांगली आहे. रांगेसाठी मी पुन्हा जाणार नाही.

बरोबर काय खावे यावर आमच्या घरी प्रयोग झाले. बटाटेवडा उत्तम जमला, कारण वड्याच्या तेलकटपणाला हा कडूपणा चटकन कापून काढतो; भाजणीची चकलीही छान. रव्यात घोळून तळलेल्या कोळंबीबरोबर तर तिरफळाचे दोन दाणे पदार्थात असल्यासारखे वाटले. पण लवंगी मिरचीचा ठेचा आणि कोल्हापुरी रस्सा यांच्याबरोबर ही बिअर चुकूनही घेऊ नये. मद्यार्क, बुडबुडे आणि कडूपणा तिघे मिळून तिखटाला अशी हवा देतात की ना रश्शाची चव कळते ना बिअरची.

बाटली ५१० मिलीलीटरची असते. आठ टक्क्यांच्या हिशेबाने तिच्यात सुमारे बत्तीस ग्रॅम मद्यार्क होतो, आणि अमेरिकेत एका पेयाचे माप चौदा ग्रॅमचे धरतात. म्हणजे एक बाटली संपवणाऱ्याने सव्वादोन पेये घेतलेली असतात, जरी हातात एकच बाटली दिसत असली तरी. ती इतकी सहज उतरते की हा हिशेब आधीच करून ठेवावा आणि बाटली दोघांत घ्यावी. कॅलिफोर्नियात ती मोठ्या किराणा दुकानांतही मिळते, इतर मोजक्या राज्यांतही जाते. भारतात मिळत नाही, आणि कोणी बॅगेत घालून नेण्याचा विचार करत असेल तर प्रवासाचे दिवस आणि तिकडची उष्णता धरून तो सोडून द्यावा. तारीख महिन्याच्या आतली असेल तर डोळे मिटून घ्यावी, दोन महिन्यांपर्यंत फ्रिजमधली असेल तरच, आणि त्यापुढची असेल तर शेजारची दुसरी कोणतीही ताजी आयपीए उचलावी.

त्या संध्याकाळनंतर मामांनी बिअरचा विषय काढला नाही. मी समजले, काढा एकदाच पुरे झाला. पण नाशिकला परतायच्या आदल्या आठवड्यात सामना होता, आणि दुसऱ्या डावाच्या सुरुवातीला त्यांनी स्वतः उठून फ्रिज उघडला, आत थोडा वेळ पाहिले आणि तिथूनच विचारले, “अगं, ती तारखेवाली आहे का अजून एखादी?”